एरंडेलाची नक्षी

एरंडेल म्हटलं की आमच्या पिढीची तोंडं अजून वाकडी होतात. सुटीच्या दिवशी सकाळी आई वाटी घेऊन उशाशी उभी राहायची, एका हातानं नाक दाबायची आणि वर गरम चहाचा घोट द्यायची. त्या एरंडेलातून एक देखणी कला जन्माला येते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आणि कळलं तेव्हाही माझं तोंड वाकडंच झालं होतं, याची आज लाज वाटते.

झालं असं, की आम्ही कच्छचं रण पाहायला गेलो होतो. भुजपासून साधारण ४० किलोमीटरवर निरोणा नावाचं गाव आहे. तिथं खत्री मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कापडावर रोगनकाम करत आली आहेत. रोगन म्हणजे फारसीत तेल. आपल्याकडे औषधाच्या दुकानात 'रोगन बदाम' मिळतं, त्यातलाच हा शब्द. एका ओसरीवर हातरुमालाएवढ्या तुकड्याची किंमत विचारली आणि आकडा ऐकून मी बोलून गेलो, "एवढ्याशा फडक्याला?" पत्नीनं कोपरानं ढोसलं. समोरचा तरुण कारागीर रागावला नाही. नुसतं "बसा" म्हणाला.

बसलो. एरंडेल दोन दोन दिवस उकळावं लागतं. धूर आणि वास इतका, की हे काम वस्तीपासून दूर करतात. तेल घट्ट झालं की ते गार पाण्यात सोडायचं, म्हणजे त्याचा डिंकासारखा चिकट गोळा होतो. त्यात खनिज रंग घोटायचे आणि मातीच्या भांड्यात पाण्याखाली ठेवायचे, नाहीतर वाळतात. त्या तरुणानं सुपारीएवढा रंग डाव्या तळहातावर घेतला आणि छोट्या लोखंडी सळईनं घोळवत राहिला. हाताच्या उबेनं रंग मऊ झाला. मग सळईच्या टोकाला केसासारखी तार सुटली आणि ती तार तो कापडावर अलगद सोडू लागला. सळई कापडाला टेकत नव्हती. खाली पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती. वेलबुट्टी होती ती त्याच्या डोक्यात. अर्धी नक्षी झाल्यावर त्यानं कापड दुमडून दाबलं, उघडलं, तर दुसरी बाजू आरशात पाहावी तशी उमटलेली! मी 'फडकं' हा शब्द मनातल्या मनात गिळला. तो एरंडेलापेक्षा कडू होता.

एके काळी हे काम भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतंच. पशुपालक समाजातल्या मुलींच्या लग्नाचे घागरे आणि ओढण्या यांनी सजत. लांबून भरतकामच वाटे. पुढे गिरणीचं स्वस्त छापील कापड आलं आणि घागऱ्याचं गिऱ्हाईक गेलं. गावात हे काम धरून राहणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यांनी घागरा सोडून 'जीवनवृक्षा'ची चित्रं काढायला घेतली, म्हणून कला तगली. २०१४ साली पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना असंच एक चित्र भेट दिलं, २०१९ साली अब्दुल गफूर खत्रींना पद्मश्री मिळाली. जी विद्या घरातल्या पुरुषांपुरती राखलेली होती, ती त्यांनी गावातल्या मुलींनाही शिकवली. वारसा टिकवायचा तर तो वाटावा लागतो, हे त्यांना उमगलं.

त्यांनी आपल्या वाट्याचं केलं. प्रश्न आपला आहे. सन्मानानं कारागिराची मान ताठ होते, पण चूल पेटते ती गिऱ्हाइकामुळे. आणि गिऱ्हाईक म्हणून आपण कसे आहोत? पैठणीचंच पाहा. हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावरची 'सेमी' यांतला फरक आपल्यातल्या किती जणांना सांगता येतो? 'दिसायला तीच ना' म्हणून आपण स्वस्तातली उचलतो आणि वर 'जुन्या कला बुडाल्या हो' म्हणून उसासेही आपणच टाकतो. मीही एका प्रदर्शनातून 'रोगन' म्हणून उशांचे अभ्रे घासाघीस करून आणले होते. निरोण्याहून परतल्यावर त्यांवरून बोट फिरवलं. सपाट छपाई! खऱ्या रोगनाची रेघ बोटाला लागते. ती कापडावर उठून असते.

पहिल्या वेळी छापील कापडानं घागरा नेला तेव्हा ती गरिबाची अडचण होती. गरीब माणूस स्वस्त कापड घेणारच. आज भिंतीवरच्या चित्राचं छापील सोंग आपण घेतो, त्याला मात्र अडचण म्हणता येणार नाही. दहा नकली वस्तूंऐवजी एक अस्सल घ्यावी, आणि घेता येत नसेल तर निदान किंमत ऐकून तोंड वाकडं करू नये.

तो छोटा तुकडा पत्नीनं घेतलाच. दिवाणखान्यात लावला आहे. पाहुणे किंमत विचारतात आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतात. मग मी त्यांना "बसा" म्हणतो आणि ही सगळी गोष्ट सांगतो. मुलं हसतात, म्हणतात, बाबांचं एरंडाचं गुऱ्हाळ सुरू झालं. म्हणू देत. या गुऱ्हाळातून रस निघताना मी डोळ्यांनी पाहिला आहे.