मोबाईलमधला गेम आणि घरातला कॉम्प्युटर

पोरगं दिवसभर मोबाईलवर गेम खेळतं ही तक्रार ज्या घरात नाही, असे एक घर आज आपल्या वस्तीत कुणी दाखवून द्यावे. आई कामावर, बाप कामावर, आजी दाराशी बसलेली आणि पोरगं कोपऱ्यात मान खाली घालून. हाक मारली तर ओ नाही. संध्याकाळी आई येते, मोबाईल हिसकावून घेते, दोन धपाटे घालते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यावर आपल्याकडे दोनच उपाय सांगितले जातात. एक म्हणजे मोबाईल काढून घ्या, आणि दुसरा म्हणजे आजकालची पोरं अशीच, सोडून द्या. पहिला उपाय दोन दिवस टिकतो आणि दुसरा हा उपायच नव्हे.

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. पोराला खेळू द्या, पण तो कुठे खेळतो ते बदला.

मोबाईलवरचे बरेचसे गेम फुकट मिळतात, म्हणून आईबापांना वाटते यात काय जाते. पण फुकट आहे ते फक्त दार. आत गेले की दुकान लागते. खेळाडूला नवे कपडे हवे, बंदुकीला नवा रंग हवा, चक्र फिरवले तर काहीतरी भारी मिळेल, आज सवलत आहे, उद्या नाही. शेजारचा पोरगा ते घेऊन मिरवतो आणि आपल्याला 'फुकट्या' म्हणतो. हिंजवडीला एका इमारतीत साफसफाईचे काम करणारी आमच्या भागातली एक ताई पगाराच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, खात्यातनं अठ्ठावीसशे रुपये गेले. बँकेत चोरी झाली म्हणून मी घाबरले, तर चोर घरातच निघाला." सातवीतल्या पोराने आईचा पिन बघून ठेवला होता आणि रात्रीत सात वेळा खरेदी केली होती. पोरगं वाईट नाही. शाळेत हुशार आहे. त्याच्यासमोर ज्यांनी ते दुकान मांडले ते त्याच्याहून कितीतरी जास्त हुशार आहेत, एवढेच.

काहींना वाटेल, सरकारने तर यावर कायदा केला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला हे खरे. रमीच्या नादाने ज्यांच्या घरातले सोने गेले त्यांना त्याचे मोल विचारा. पण ती बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. गेममधले कपडे आणि हिरे विकत घेणे हा त्या अर्थाने जुगार नाही, म्हणून ते दुकान उघडेच आहे. तिथे पहारा आपल्यालाच द्यावा लागणार.

आता कॉम्प्युटरकडे येतो. यंत्राला रिक्षा म्हटले, तर ती चालवणारी प्रणाली म्हणजे चालक. बहुतेकांना विंडोज हा एकच चालक ठाऊक असतो. दुसरा चालक आहे लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला. त्याने कॉम्प्युटर हप्त्यावर घेतला होता आणि घेतल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस त्याने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम खेळण्यात घालवले! त्याच्याही मागे जायचे, तर लिनक्स ज्या युनिक्सच्या धर्तीवर बांधले गेले, त्या युनिक्सचा जन्मच गेमच्या निमित्ताने झाला. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी सूर्यमालेत यान फिरवायचा 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा गेम लिहिला होता. मोठ्या संगणकावर एका डावाला पाऊणशे डॉलरच्या घरात खर्च यायचा. म्हणून त्यांनी कुणी फारसे वापरत नसलेले एक लहान यंत्र शोधले, त्यावर तो गेम बसवला, आणि त्याच यंत्रावर पुढे युनिक्स उभे राहिले. गेम खेळणारं पोरगं वाया गेलं म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकून घ्यावे.

टोरवाल्ड्सने आपले काम कुलूप लावून विकले नाही. ज्याला हवे त्याने घ्यावे, आत काय आहे ते वाचावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे, अशी परवानगी लेखी दिलेली आहे. आपल्या वस्तीतल्या कॉम्प्युटरवर दुकानदार चोरीचे विंडोज टाकून देतो, वर चोरीचे गेम टाकतो आणि त्याबरोबर व्हायरस घरी येतो. लिनक्सची प्रत काढून शेजाऱ्याला देणे ही चोरी नाही, तो आपला हक्क आहे. मला हा फरक लहान वाटत नाही.

यात आपल्या पुण्याचाही हात लागलेला आहे. लिनक्सवर मराठी अक्षरे दाखवणारे 'लोहित' हे टंक मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले, आणि २००४ साली रेड हॅटने ते सर्वांसाठी खुले केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ पासून 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स दिली आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर कित्येक वर्षे मुले लिनक्सवरच शिकतात.

हे आजच का सांगतो? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. विंडोज ११ साधारण २०१७ च्या आधीच्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. परिणामी चांगली चालती यंत्रे कचऱ्यात किंवा जुन्या बाजारात जात आहेत. आणि आपण राहतो कुठे? हिंजवडीचे आयटी पार्क आपल्या मुळशी तालुक्यात आहे. माण, मारुंजी, हिंजवडीच्या जमिनीवर त्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथले कॉम्प्युटर पुसणारे हात आपले, आणि घरी मात्र पोराच्या हातात फक्त चार इंची मोबाईल. आमच्या अभ्यासिकेने वर्गणी काढून दोन जुनी यंत्रे मॉनिटरसकट प्रत्येकी नऊ हजारांना घेतली. आठ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क काढून लहानशी एसएसडी. त्यावर 'लिनक्स मिंट' बसवले, प्रणालीचे पैसे शून्य. गेम त्यातल्याच यादीतून उतरवून घ्यायचे, त्याचेही पैसे शून्य. एकदा उतरवला की नेट लागत नाही, जाहिरात येत नाही, हिरे नाहीत, चक्र नाही.

लहानांसाठी 'सुपरटक्सकार्ट' आहे. एकाच कीबोर्डवर दोघे जण गाड्यांची शर्यत लावतात आणि एकमेकांना कोपराने ढोसतात, तेवढी भांडणे सहन करावी. मोठ्यांसाठी 'बॅटल फॉर वेसनॉथ'. हा बुद्धिबळासारखा, एकेक चाल खेळायचा. काही सैनिक दिवसा जोरात लढतात, काही रात्री, त्यामुळे कधी पुढे जायचे आणि कधी मागे सरकायचे हे डोके चालवून ठरवावे लागते. आमच्या अभ्यासिकेत एक नियम केला आहे. अर्धा तास खेळायचे आणि नंतर उभे राहून सांगायचे, का जिंकलो किंवा का हरलो. आठवीतला एक पोरगा शाळेत तोंड उघडत नाही अशी बाईंची तक्रार. तो परवा पाच मिनिटे बोलला, की नदीपाशी संध्याकाळ होऊ लागली होती तेव्हाच मागे फिरायला हवे होते. बाकीच्यांनी त्याला विरोध केला, त्याने खडूने फळ्यावर नदी काढून दाखवली. वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेल्या भाषणापेक्षा मला ते जास्त आवडले.

सर्वांत जास्त वाद झाला तो 'झीरो ए.डी.' या गेमवर. प्राचीन काळातली राज्ये उभारायची, शेती करायची, सैन्य बांधायचे असा तो गेम. जगभरच्या लोकांनी बिनपैशाने बनवला आणि २००९ साली त्याचा आतला मजकूर सर्वांना खुला केला. त्यात रोमन, ग्रीक, इराणी आहेत आणि आपले मौर्यही आहेत. कामकरी हत्ती आहेत. चंद्रगुप्त आहे, आणि रथात बसलेला सम्राट अशोक आहे. अशोकाचा स्तंभही उभारता येतो. पोरांना पहिल्या दिवशी किती आनंद झाला म्हणून सांगू! पण नववीतल्या एका मुलीने मधेच विचारले, "सर, अशोकानं तर कलिंगानंतर लढाई सोडली. मग इथं तो लढतोय कसा?"

खेळ थांबला. तेराव्या शिलालेखात अशोकाने स्वतःच आकडे दिले आहेत. दीड लाख लोक कलिंगातून नेले गेले, एक लाख मारले गेले, आणि त्याचे आपल्याला दुःख होते असे एका राजाने दगडावर कोरून ठेवले. त्याच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात नालासोपाऱ्याला सापडले आहेत हेही मुलांना सांगितले. निम्म्यांना सोपारा म्हणजे फक्त लोकलचे स्टेशन वाटत होते. मग एकाने विचारले, गेममध्ये लढाई न करता जिंकता येते का? शोधले, तर येते. सुरुवातीला जिंकण्याची अट बदलता येते. एक भव्य वास्तू बांधायची आणि ठरलेला वेळ ती राखायची, की झाला विजय. मुलांनी तसा डाव मांडला. संगणकाचा शत्रू मात्र ऐकतो कुठे, तो सैन्य घेऊन आलाच. मग शांतता हवी असणाऱ्याने संरक्षण किती ठेवावे यावर जी चर्चा झाली, ती मोठ्यांच्या सभेत मी क्वचित ऐकली आहे.

त्याच मुलीने पुढे आणखी एक गोष्ट केली. या गेममधला प्रत्येक सैनिक, प्रत्येक हत्ती साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेला असतो. त्याला किती धान्य लागते, किती वेळ लागतो, सगळे वाचता येते. तिने हत्तीचे धान्य कमी केले. गेमने लाल अक्षरांत चूक दाखवली आणि हत्ती काही तयार होईना. दोन तास शोधल्यावर कळले, एक तिरका कंस पुसला गेला होता. तो घातला आणि हत्ती बाहेर आला. तिची आई पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. संध्याकाळी न्यायला आली तेव्हा पोरीने तिला हत्तीऐवजी तो कंस दाखवला.

आता अडचणीही सांगतो, नाहीतर कुणीतरी पोराचे ऐकून मला जाब विचारायला येईल. पोरांना हवे ते सगळे गेम लिनक्सवर चालत नाहीत. 'व्हॅलोरंट' आणि 'फोर्टनाईट' चालत नाहीत, कारण त्यांची फसवणूक रोखणारी यंत्रणा लिनक्सला थारा देत नाही. विंडोजचे इतर बरेच गेम मात्र 'स्टीम' नावाच्या दुकानातून चालतात. त्या कंपनीने २०१८ साली 'प्रोटॉन' नावाची सोय त्यासाठी काढली. पण स्टीम हेही दुकानच आहे, तिथे आईचे कार्ड जोडू नये. जुन्या यंत्रावर झीरो ए.डी. मध्ये सैन्य फार वाढले की गेम रखडतो. आणि लिनक्स बसवले म्हणून पोराची शिस्त आपोआप येत नाही. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, जाता-येता सगळ्यांना पडदा दिसेल असा ठेवावा. वेळ घड्याळ लावून ठरवावा. आणि पोरगं खेळत असताना दहा मिनिटे शेजारी बसून विचारावे, हे काय चाललंय? आपल्याला कळत नाही म्हणून लाजू नये. सांगायला त्यांना फार आवडते.

ज्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला आहे त्यांनी तो रविवारी सकाळी दहा ते एकच्या दरम्यान अभ्यासिकेत आणावा. येताना आठ जीबीचा रिकामा पेनड्राईव्ह आणावा, आणि यंत्रातले फोटो, दाखले आधी दुसरीकडे उतरवून ठेवावेत, कारण नवी प्रणाली बसवताना आतले सगळे पुसले जाते. बसवायच्या आधी पेनड्राईव्हवरूनच चालवून बघता येते, पटले नाही तर यंत्र जसेच्या तसे परत न्यावे. मॉनिटर आणायची गरज नाही, तो आमच्याकडे आहे.