चौंडीच्या लेकीने महेश्वरात माग बसवले. आपला कापूस मात्र काट्यावरच थांबतो

जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. 6 मे 2025 ला राज्य मंत्रिमंडळाची बैठक थेट चौंडीत झाली, 681 कोटींच्या स्मृतिस्थळ आराखड्याला मंजुरी मिळाली. चांगलंच झालं. पण अहिल्यादेवींनी महेश्वरात विणकर आणून वसवले, त्यांना काम दिलं, हा विषय आपल्याकडे फारसा निघत नाही.

तिथले माग पुढे गिरणीच्या कापडापुढे थंडावले होते. 1970 च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्याच मंडळींनी रेहवा सोसायटी काढली आणि बायकांना मागावर बसवलं. नफा विणकरांच्या शाळा, दवाखाना, घरांवर लावायचा, अशी तिची रीत. 2002 मध्ये विमेनवीव्ह ही संस्था आली. तिच्या गुडी मुडी प्रकल्पात जवळपासचाच कापूस अंबर चरख्यावर कातून हातमागावर विणतात. गिरणीसारखी वीज जळत नाही आणि मजुरी गावात राहते.

आता आपला हिशेब बघा. शेवगाव, पाथर्डी, नेवासा भागात कापूस कमी नाही. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. त्याच हंगामाच्या तोंडावर केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 31 डिसेंबरपर्यंत माफ केलं, मग व्यापारी कशाला चढा भाव देईल? एका क्विंटलमधून 34 किलोच्या आसपास रुई निघते. घट धरूनही त्यात ऐंशी-नव्वद शर्ट होतात. म्हणजे शर्टामागे शेतकऱ्याला शंभर रुपयांच्या आसपासच पडतात, आणि त्यात सरकीचे पैसेही आले. बाकीचं मोल जिनिंगच्या पुढे तयार होतं.

ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. उसाचं मोल गाळपात आहे हे ओळखून प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला. कापसाच्या बाबतीत तेवढी जिद्द दिसली नाही. नगर शहरात पद्मशाली समाजाचे साड्यांचे माग होते, तेही गेले. कित्येक घरं विडीवर आली.

लगेच गटाने कपड्यांचा धंदा काढा, असं मी म्हणणार नाही. अडचणी खऱ्या आहेत. सेंद्रिय म्हणून विकायचं तर बीटी चालत नाही. 2002 पासून बीटी असं पसरलं की दुकानात साधं सरळ वाण मागितलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो. प्रमाणपत्राला दोन-तीन वर्षं जातात, तेवढे दिवस उतारा कमी आणि भाव नेहमीचाच. त्यात जिनिंगवाला दहा-पंधरा क्विंटलसाठी मशीन साफ करून देत नाही, मग आपला माल सगळ्यांच्या ढिगात. आणि हातमागाचं कापड महागच पडतं. आठवडे बाजारात ते खपणार नाही, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतच शोधावं लागेल.

रंगाचं सामान मात्र घरचं आहे. अकोल्याचा हिरडा आणि राहाता-संगमनेरच्या डाळिंबाची साल, दोन्ही कापडाच्या रंगाईत चालतात. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगाच्या खादीचं काम चालतं, ते बघायला एक एसटी पुरते.

स्मृतिस्थळाच्या आराखड्यात चार माग, थोडे चरखे आणि विक्रीचा एक गाळा बसवायला फार पैसा लागणार नाही. जामखेड-कर्जतच्या बचत गटांनी ही मागणी आताच लेखी द्यायला हवी, बांधकामाची टेंडरं निघून गेल्यावर कोण ऐकतो. आणि शेतकऱ्यांनी गटाने एखादा एकर सरळ वाणाचा लावायचा असेल, तर बियाण्याची चौकशी नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेकडे मृगाच्या आधी करावी लागेल.