मूळ सुपरमॅन कुठला?

जेम्स गनचा 'सुपरमॅन' ११ जुलै २०२५ रोजी लागला आणि झॅक स्नायडरच्या भक्तांनी सुतक धरले. त्यांचे म्हणणे असे की, गनने मूळ सुपरमॅनचा विचका केला. हा नवा गडी सुरुवातीलाच मार खाऊन बर्फात आपटतो, शिट्टी मारून कुत्र्याला बोलावतो, निळ्या पोशाखावर लाल चड्डी घालतो आणि राक्षस शहर तुडवत असताना खार वाचवत बसतो. कुठे तो स्नायडरचा देवासारखा हेन्री कॅव्हिल आणि कुठे हा डेव्हिड कोरेनस्वेट!

'मूळ' हा शब्द त्यांनीच काढला आहे, तर मुळाशीच जाऊ. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांचा सुपरमॅन १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो नुसत्या लांब उड्या मारायचा. त्याला दुबळे करणारे क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेतून आले. क्रिप्टो कुत्रा १९५५ चा, म्हणजे स्नायडरच्या 'मॅन ऑफ स्टील'हून ५८ वर्षांनी थोरला. आणि ती लाल चड्डी? ती पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरच आहे. २०१३ मध्ये पडद्यावरच्या सुपरमॅनची ती उतरवली स्नायडरने. तेव्हा हे मूळवादी कुठे होते?

दुसरा आक्षेप राजकारणाचा. सुपरमॅनची गोष्ट ही एका स्थलांतरिताची गोष्ट आहे, असे गन प्रदर्शनापूर्वी बोलला आणि अमेरिकेत काहींचे पित्त खवळले. सीगल आणि शूस्टर दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. शूस्टरचा तर जन्मच टोरोंटोचा. त्यांच्या नायकाने पहिल्याच अंकात काय केले? देहदंडाला जाणाऱ्या निरपराध बाईला वाचवले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला झोडपले आणि वॉशिंग्टनमध्ये सेनेटरला हाताशी धरणाऱ्या दलालाला लोंबकळत फिरवले. यातून राजकारण वजा केले तर उरतात फक्त उड्या.

तिसरा आक्षेप गल्ल्याचा. 'मॅन ऑफ स्टील'ने सुमारे ६७ कोटी डॉलर कमावले, नव्याने त्याहून कमी. खरे आहे. पुढे?

आता खार. 'मॅन ऑफ स्टील'मध्ये बुडत्या बसमधली मुले वाचवून आलेला क्लार्क बापाला विचारतो, मग मी काय त्यांना मरू द्यायचे होते? बाप म्हणतो, कदाचित. त्या एका शब्दाने मला त्या चित्रपटातून कायमचे बाहेर काढले. शेवटी मेट्रोपोलिसच्या इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात आणि सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो. तो विध्वंस इतका डोळ्यांत खुपला की, तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या चित्रपटात बॅटमॅनच्या संतापाचे कारण म्हणून तोच वापरावा लागला. गनचा सुपरमॅन एवढ्या मारामारीत खारीला उचलून बाजूला ठेवतो, ते याचे उत्तर आहे. सामर्थ्य अफाट असलेल्या माणसाची नजर किती खाली पोहोचते, हे त्या दोन-तीन सेकंदांत कळते. त्याचे मार खाणेही तसेच. ज्याला काहीच लागत नाही त्याच्या धैर्याला किंमत ती काय? गनच्या चित्रपटातला खलनायक लेक्स लूथर एका साध्या फलाफल विकणाऱ्याला त्याच्यासमोर गोळी घालतो आणि जगातला सर्वांत बलवान माणूस तिथे काही करू शकत नाही, तो क्षण माझ्या लेखी चित्रपटातला सर्वांत मोठा.

एक आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. सुपरमॅनला पृथ्वीवर पाठवणाऱ्या जन्मदात्यांच्या संदेशाचा उरलेला भाग सापडतो आणि कळते की, त्यांनी मुलाला पृथ्वीवर राज्य करायला धाडले होते. एवढा मोठा धक्का देऊन गन तो नीट मुरू देत नाही. शिवाय तीन आणखी वीर, राक्षस, खिशातले विश्व, सगळे एकाच ताटात वाढल्यामुळे पंगतीत घाई होते. पण त्या संदेशामुळेच कॅन्ससच्या शेतकरी आईबापांचे वजन वाढते. क्लार्कचा चांगुलपणा रक्तातून आलेला नाही, तो त्या घरातला आहे.

स्नायडरभक्तांची मी थट्टा केली खरी, पण ते नुसते गलका करणारे नव्हेत. दिग्दर्शकाने केला तसाच चित्रपट बघायला मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले, त्या निमित्ताने आत्महत्या प्रतिबंधाच्या कामासाठी लाखो डॉलर उभे केले आणि २०२१ मध्ये 'जस्टिस लीग'ची चार तासांची आवृत्ती मिळवली. तत्त्व उत्तम होते. मग ते सगळ्यांना लावा. भारतात गनच्या चित्रपटाला खरोखर कात्री लागली ती सेन्सॉर बोर्डाची. सुपरमॅन आणि लोइसच्या चुंबनाची ३३ सेकंदे फार कामुक ठरवून कापली गेली. चार तास मिळवणाऱ्यांनो, आता या ३३ सेकंदांसाठी तोंड उघडा.