दार कोणत्या बाजूला उघडते?

फ्रिज घेताना आपण लिटर पाहतो, रंग पाहतो, भावात घासाघीस करतो. दार कोणत्या बाजूला उघडते, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे.

बहुतेक फ्रिजच्या बिजागऱ्या उजवीकडे असतात. आमच्या स्वयंपाकघरात ओटाही फ्रिजच्या उजवीकडेच आहे. त्यामुळे उघडलेले दार मध्ये भिंतीसारखे उभे राही. घरच्या मंडळींना दुधाचे पातेले हातात घेऊन दिवसातून दहा वेळा दाराला वळसा घालावा लागे. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, "शेठ, माल असाच येतो." वर्षभर आम्ही तसेच भागवले.

पुढे दुसऱ्या कामासाठी आलेल्या एका मेकॅनिकने डाव्या बाजूची प्लॅस्टिकची बुचे दाखवली. त्यांच्याखाली स्क्रूची भोके तयारच होती! त्याने वीज बंद केली, फ्रिज रिकामा केला, वरची बिजागरी काढून दार उचलले आणि खालची बिजागरी डावीकडे नेऊन बसवली. मूठही फिरवली. तासाभरात काम झाले. शेवटी दारात कागद अडकवून ओढून पाहिला. कागद सहज निघाला तर रबर नीट चिकटत नाही, थंडावा बाहेर जातो आणि वीजबिल वाढते, हे त्यानेच समजावले. मी मजुरी आनंदाने दिली.

सगळ्याच फ्रिजना ही सोय नसते. दारावर बटणे-दिवे असतील तर वायरी बिजागरीतून जातात. तिथे हात घालू नये. काही दारांना मुठीऐवजी एकाच बाजूला खाच असते. म्हणून आधी माहितीपुस्तिका पाहावी आणि वॉरंटीच्या मुदतीत कंपनीच्याच माणसाला बोलवावे. फ्रिज आडवा झोपवू नये, काँप्रेसरमधले तेल नळीत उतरते. झोपवावाच लागला तर उभा करून काही तास थांबावे, मगच चालू करावा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर काय लिहायचे? पण माझी उमर कापडाच्या धंद्यात गेली. काय शिवायचे आणि पन्हा किती हवा, हे विचारल्याशिवाय आम्ही थानाला कात्री लावत नाही. मग हजारो रुपयांचा फ्रिज विकणाऱ्याने "भिंत कोणत्या बाजूला आहे?" एवढा एक सवाल का करू नये? त्यात पैसा लागत नाही, गिऱ्हाईक मात्र कायमचे जोडले जाते.

आपल्यात फ्रिज दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळ आहेत. त्यांनीही दुरुस्तीला गेल्यावर ओटा कुठे आहे ते पाहावे आणि दार फिरवता येते, हे घरवाल्यांना सांगावे. त्यात मजुरीही आहे आणि दुवाही.