हाकेला ओ देईल तो

कॉलेजात 'प्रॉक्सी' या शब्दाशी माझा फार निकटचा संबंध होता. मित्राचा नंबर पुकारला की आवाज जरा घोगरा करून "हजर!" म्हणायचे. तोच शब्द उतारवयात पुन्हा भेटेल, आणि तोही सूनबाईच्या तोंडून, असे मात्र वाटले नव्हते.

झाले असे, की आम्ही उभयता कोकणात गेलो असताना एका लॉजच्या वाय-फायवरून मी बँकेचे काम उरकले. घरी येऊन ही शेखी मिरवताच सूनबाईने माझा लॅपटॉप मुकाट्याने पुढे ओढला. तिची नोकरीच संगणकांच्या जाळ्यांची.

"बाबा, हे 'आपोआप शोधा' कुणी चालू ठेवलंय?"

"कुणी नाही. विंडोज आलं तेच तसं."

मग कळले ते असे. पुष्कळ कचेऱ्यांतून बाहेर जाणारी वाट एका मध्यस्थ यंत्रातून जाते, तोच प्रॉक्सी. प्रत्येक संगणकाला त्याचा पत्ता हाताने कोण शिकवणार? म्हणून १९९६ साली नेटस्केपने एक फाईल काढली. अमक्या ठिकाणी जायचे तर तमक्या मध्यस्थाकडून जा, असे नियम तीत लिहिलेले असतात. ही फाईल संगणकाने स्वतःच शोधावी, ही युक्ती १९९९ च्या सुमाराची. तिचे नाव डब्ल्यूपॅड. युक्ती सोयीची खरी; पण शोधण्याची तऱ्हा ऐकून मी थक्क झालो.

संगणक 'डब्ल्यूपॅड' नावाच्या यंत्राला हाका मारीत सुटतो! आधी खात्यात, मग शाखेत, मग कंपनीत. कुणी बोलले नाही तर आसपासच्या सर्वांना उद्देशून. लॉजमध्ये शेजारच्या खोलीतल्या कुणी 'ओ' दिली, तरी त्याचेच ऐकायचे.

"ओळख न विचारता?"

"ओळख पटवायची सोयच ठेवलेली नाही, बाबा."

ही हाक कधी कधी कुंपणाबाहेरही जाते. कचेरीतला लॅपटॉप घरी आणला, की आतल्या माणसांसाठी मारलेली हाक सगळ्या जगाच्या बाजारात ऐकू येते, आणि तिथे ते नाव कुणीही विकत घेऊन बसू शकतो. मे २०१६ मध्ये अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा पथकाने याबद्दल जाहीर इशाराच दिला होता. बरे, प्रत्येक प्रोग्रॅमने वेगळी चौकशी करू नये म्हणून 'लिबप्रॉक्सी'सारख्या तयार लायब्रऱ्या आहेत. तीत २०२० साली निराळाच दोष सापडला. लांबी न सांगता भली मोठी फाईल पाठवली, की तिचे भांडे उतू जाई!

"माझे पैसे गं?" मी हळूच विचारले.

"बँकेचा मजकूर बंद पाकिटातून जातो, तो मध्यस्थाला फोडता येत नाही. पण तुम्ही कुणाच्या दारी गेलात, ते त्याला कळतं. आणि साध्या, उघड्या पानांवर तर तो हवं ते लिहून देईल."

तिने तो खटका बंद केला. तरीही दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलोच. पैसे जागेवर होते. खिडकीमागच्या बाईंनी मात्र आधी ओळखपत्र मागितले. एरवी मी म्हटले असते, "अहो, इतक्या वर्षांचा खातेदार मी!" त्या दिवशी निमूटपणे खिशात हात घातला.