व्रत आपलं, ताट त्यांचं

शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडं देण्याच्या विरोधातल्या अर्जावर सही करा, असा निरोप मला जळगाव-धुळ्याच्या नातेवाइकांकडून आला, आणि पाठोपाठ इथल्या मंडळातल्या बायकांकडूनही. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात अंडं आणलं, न खाणाऱ्या मुलांसाठी केळं ठेवलं, तेव्हाची ही गोष्ट. पुढे जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्याचे पैसे देणं थांबवलं आणि हवं असेल तर लोकवर्गणीतून बघा म्हणून शाळांना कळवलं. तेव्हा त्याच ग्रुपवर अहिंसेचा विजय झाला म्हणून जोडलेले हात फिरले. मी सही केली नव्हती. का नाही, हे मला अजून विचारलं जातं. मंडळात बोलायला दोन मिनिटं मिळतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी अंडं खात नाही, माझ्या स्वयंपाकघरात ते येत नाही, येणारही नाही. कंदमुळंही नाहीत. ते माझं पच्चक्खाण आहे, मी माझ्या तोंडाने घेतलेलं. प्रश्न एवढाच की लिंबायतच्या सात वर्षांच्या पोराने ते कधी घेतलं?

आपण राहतो त्या गुजरातेत हा वाद नाहीच. इथे 1984 पासून शाळेत मध्यान्ह भोजन आहे आणि त्यात अंडं नाही. म्हणजे अर्जवाल्यांना हवं ते सगळं इथे आहे. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21 चे आकडे बघा. गुजरातमध्ये पाच वर्षांखालची शंभरातली 39 मुलं वयाच्या मानाने खुजी, 25 उंचीच्या मानाने काटकुळी. सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळजवळ 80 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. बायकांमध्ये हेच प्रमाण 65 टक्के. देशाच्या सरासरीपेक्षा हे सगळे आकडे वाईट आहेत, आणि आपलं राज्य श्रीमंत म्हणवतं. अंडं नाही म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही. महाराष्ट्राचे आकडेही फार मिरवण्यासारखे नाहीत. पण ज्या घरात इतकी मुलं अशक्त आहेत, त्या घराने शेजाऱ्याला 'अंड्यावाचून काही अडत नाही' असं शिकवायला जाऊ नये.

आणि ही मुलं कुणाची? लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा. यातली कितीतरी आपल्याच खानदेशातून भुसावळ गाडीने आलेल्यांची आहेत. महापालिकेच्या मराठी शाळा त्यांच्यामुळे चालतात. बाप लूमवर किंवा डाइंगच्या कारखान्यात, आई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते, धागे कापते, नगावर पैसे घेते. ओडिशातल्या गंजामचे हजारो पुरुष तर बायकामुलं गावाला ठेवून येतात. बारा तासांची पाळी, एकाच खोलीत दिवसपाळीवाले रात्री झोपणार आणि रातपाळीवाले दिवसा, आणि मेसमधला भात-डाळ. आपण वर्षातून दोनदा नऊ दिवस आयंबिलाची ओळी करतो, पारण्याला लोक साता घेऊन येतात. या लोकांचं बिनतेला-तुपाचं जेवण बारा महिने चालू असतं.

अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. गावचं कार्ड आता सुरतेत चालतं, ही चांगली सोय झाली. पण त्यावर गहू-तांदूळच मिळतात. डाळ, तेल, दूध, भाजी बाजारातून आणायची. पोट भरतं, अंगाला लागत नाही.

इथे आपल्यातल्या शिकलेल्या बायका म्हणतात, या लोकांना आहाराचं ज्ञान नाही. गरिबांच्या आहारावरच्या कितीतरी अहवालांच्या शेवटीही हाच उपाय असतो: जनजागृती. आपल्या मंडळानेही एकदा वस्तीत आहारावर व्याख्यान ठेवलं होतं. हिरव्या भाज्या, खजूर, रोज पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे, सगळं बरोबर सांगितलं. मागे बसलेली एक बाई मला म्हणाली, "ताई, हाई सम्दं माले माहीत शे. पैसा कोन देई?" आम्ही तिला केळं आणि रंगीत पत्रक दिलं. तिला नाचणी ठाऊक होती, शेवगा ठाऊक होता, अळीव ठाऊक होता. आपल्या सुनांना हे नेटवर शोधावं लागतं.

ज्ञानाचंच बोलायचं तर आपल्या घरचं बघू. दूध, दही, तूप, बदाम सगळं असून आपल्या बायकांचं बी-12 कमी निघतं, कारण ते वनस्पतीत जवळपास नसतंच. आपण काय करतो? तपासणी करतो, इंजेक्शनं घेतो. व्रत सांभाळायला आपल्याजवळ लॅब आहे, डॉक्टर आहे, पैसे आहेत. ज्या आईजवळ यातलं काहीच नाही आणि जिला अंडं वर्ज्य नाही, तिच्या लेकराच्या ताटातलं अंडं काढून घ्यायचं, आणि त्याबदली द्यायचं काय? केळं. केळं गुणाचं, पण एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, केळ्यात एखादाच ग्रॅम.

अंडं म्हणजे जादू नव्हे, हेही खरं. एक्वाडोरमध्ये तान्ह्या बाळांना सहा महिने रोज अंडं दिलं तेव्हा त्यांची उंची चांगली वाढली. मलावीमध्ये तसाच प्रयोग केला तर उंचीत फरक दिसला नाही. तिथली मुलं आधीपासून मासे बऱ्यापैकी खात होती. शास्त्राचं असंच असतं, कुणाच्या ताटात आधी काय होतं त्यावर ठरतं. आपल्या वस्तीतल्या ताटात काय असतं ते वर सांगितलंच.

आता धर्माचं. मला सांगतात, करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हींचा दोष लागतो. आपल्या कराच्या पैशातून अंडं गेलं तर अनुमोदन होतं. तो कर खडे चिकटवणारी बाईही भरते, साबणाच्या वडीवर भरते. तिच्या पैशाचं काय करायचं, हे तिला कुणी विचारलं? आणि अनुमोदनाचा हिशेब मांडायचाच तर पुरता मांडू. रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात आपण पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवतो. तत्त्वार्थसूत्रातही ते आहेत. बांधणं, मारणं, अवयव तोडणं, हे तर आपण करत नाही म्हणून निश्चिंत असतो. पण पुढचे दोन? झेपणार नाही इतकं ओझं लादणं, आणि आपल्यावर अवलंबून असलेल्याचं अन्नपाणी तोडणं. बैलाच्या संदर्भात महाराजसाहेबांनी ते कितीदा समजावलंय. रिंगरोडच्या मार्केटातली किती दुकानं आपल्या घरांची आहेत, आणि त्या साडीवर नगाला काय दर सुटतो, हे आपल्यातल्या कुणी नवऱ्याला विचारलंय का? पांजरापोळीत गाईला चारा घालायला आपण रांग लावतो. मला तेही हवंच आहे. पण अन्नपाणी तोडण्याचा दोष माणसाच्या पोरालाही लागू आहे, असं मी तरी वाचलंय.

अंडं नको ना? ठीक. मग तेवढंच दुसरं काही द्या, आणि रोज द्या. गुजरातच्या शाळांत तिथीभोजनाची सोय आहे, वाढदिवसाला, पुण्यतिथीला लोक जेवण देतात. बहुतेक वेळा लाडू-पुरी-शाक. फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खिचडी. त्यापेक्षा हिशेब करा. पाचशे मुलांची एक शाळा, प्रत्येकी 200 मिलिलिटर दूध, म्हणजे रोजचे 100 लिटर. शाळेचे 200 दिवस धरले तर 20,000 लिटर. साठ रुपये लिटरने 12 लाख. (दुधातही हिंसा आहे म्हणणाऱ्या तरुण मुली आता आपल्यात आहेत. त्यांनी शेंगदाणे-गूळ द्यावा, माझी ना नाही.) बारा लाख ही आपल्या संघाला मोठी रक्कम आहे का? पर्युषणात स्वप्नांच्या बोलीला आकडा कुठवर चढतो, ते आपण सगळ्या बायका मागच्या रांगेत बसून ऐकतो.

हे मी मंडळात मांडलं. अर्जावर एका दुपारी सत्तरएक सह्या झाल्या होत्या. दुधाच्या वहीत आजपर्यंत अकरा नावं आहेत, त्यातली चार माझ्या घरची. वही माझ्याकडे असते, पेनही.