‘नॉर्मल की सिझर?’ हा प्रश्न आठव्या महिन्यातला

लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातले गाव. बाहेरगावच्या लोकांना ते मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिरामुळे आणि तिथल्या पुष्करणीमुळे माहीत असते. आसपासच्या वाड्यावस्त्यांना मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रामुळे. या केंद्रात साधे बाळंतपण होऊ शकते. सिझेरियनची वेळ आली तर बारामती गाठावी लागते. तिथे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, महिला रुग्णालय आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खासगी प्रसूतिगृहेही आहेत.

म्हणजे इथल्या गरोदर बाईसमोर कागदावर तरी तीन-चार पर्याय असतात. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत निवड होते ती कळा सुरू झाल्यावर, रात्री-अपरात्री, गाडी कोणाची मिळते आणि ओळख कुठे आहे यावर. मग रुग्णालयाच्या व्हरांड्यात प्रश्न येतो, ‘नॉर्मल होईल की सिझर करावं लागेल?’ उत्तर मिळते, कागद पुढे येतो आणि दहा मिनिटांत सही होते. ती सहीही बहुधा नवऱ्याची किंवा वडिलांची असते. जिच्या पोटावर छेद जायचा, ती आत कळा सोसत असते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील ८.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते चारास एकच्या आसपास आहे. देशपातळीवर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, तर सरकारी आरोग्य संस्थांत १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. सरकारी आकड्यात शस्त्रक्रियेची सोय नसलेली प्राथमिक आरोग्य केंद्रेही येतात, त्यामुळे ही तुलना अगदी तंतोतंत नाही. पण गुंतागुंतीच्या कितीतरी बायका शेवटी सरकारी रुग्णालयातच पोहोचतात, हेही खरे. तेव्हा एवढी मोठी दरी केवळ आजाराने पडलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले की, एखाद्या लोकसंख्येत सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढते तोवर माता व नवजात मृत्यू कमी होताना दिसतात. त्यापुढे ते वाढले म्हणून मृत्यू आणखी घटतात असे दिसत नाही. शेजारच्या तेलंगणाचे उदाहरण बोलके आहे. तिथे याच पाहणीत ६०.७ टक्के बाळंतपणे सिझेरियनची होती. २०१८-२० या काळात तेलंगणात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ४३ मातामृत्यू नोंदले गेले, महाराष्ट्रात ३३. मातामृत्यूची कारणे अनेक असतात, पण दुपटीहून अधिक शस्त्रक्रिया करून मातांचे जीव त्या प्रमाणात जास्त वाचले नाहीत, एवढे तरी यातून दिसते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. बिहारच्या सरकारी संस्थांत हे प्रमाण अवघे ३.६ टक्के होते. तिथे कितीतरी बायकांना गरज असूनही शस्त्रक्रिया मिळत नसणार. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळ आडवे असेल, नाळ बाळाच्या आधी बाहेर आली असेल, बाळाचे ठोके सतत घसरत असतील, तर सिझेरियन म्हणजे आई आणि बाळ दोघांचे प्राण. त्यामुळे ‘सिझर वाईट, नॉर्मल चांगले’ ही विभागणी कामाची नाही. शस्त्रक्रिया कोणत्या कारणासाठी होते आणि ते कारण बाईला कळते का, हे पाहायला हवे.

माहेरचे बाळंतपण आणि तुटणारा धागा

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. हडपसरला किंवा पिंपरीत दिलेली लेक सातव्या महिन्यात ओटी भरून लोणी भापकरला येते. विश्रांती, आईच्या हातचे जेवण, मनाचा आधार या दृष्टीने ही रीत चांगलीच. तोटा एकच, पण मोठा. सात महिने जिथे तपासणी झाली तो दवाखाना मागे राहतो आणि बाळंतपण करणारा डॉक्टर तिला शेवटच्या टप्प्यात पहिल्यांदा पाहतो. फाईल अर्धी सासरी राहते. सुरुवातीच्या सोनोग्राफीचा कागद सापडत नाही, मग तारीख उलटली की नाही याचाच घोळ होतो. तारखेचा घोळ झाला की कळा आणण्याची घाई होते, शरीर तयार नसताना कळा आणल्या की त्या लांबतात आणि शेवट शस्त्रक्रियेत होऊ शकतो.

ऊसतोड कामगार बाईच्या बाबतीत तर हा धागा आणखी नाजूक. सोमेश्वरसारख्या कारखान्यांच्या परिसरात हंगामात तोडीला आलेल्या गरोदर बाईला ना माहेर जवळ असते, ना ओळखीचा डॉक्टर. तिच्यासाठी आणि माहेरी आलेल्या लेकीसाठी उपाय एकच आहे: माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळे कागद सोबत ठेवणे आणि आल्या आल्या, कळांची वाट न पाहता, आशाताईंकडे व जवळच्या आरोग्य केंद्रात नोंद करणे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते. माहेरी आल्यावरची पहिली ९ तारीख चुकवू नये.

नेहमी सांगितली जाणारी कारणे

व्हरांड्यात नातेवाइकांना ऐकू येणारी काही वाक्ये ठरलेली असतात. ‘नाळेचा वेढा आहे.’ गळ्याभोवती नाळेचा वेढा साधारण चार-पाच बाळांमागे एकात आढळतो आणि बहुतेक बाळे तशीच सुखरूप जन्मतात. ठोके बिघडले नाहीत तर वेढा हे स्वतंत्र कारण ठरत नाही. ‘पाणी कमी झालंय.’ गर्भजल खरेच कमी असेल तर लक्ष ठेवावे लागते, कधी कळा आणाव्या लागतात. प्रत्येक वेळी थेट शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. ‘बाळ मोठं आहे.’ सोनोग्राफीतला वजनाचा अंदाज दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकतो. ‘बाळाने पोटात शी केली.’ हा सावधगिरीचा इशारा आहे. निर्णय ठोक्यांवर आणि प्रसूती किती पुढे गेली आहे यावर ठरतो.

यातली कुठलीही गोष्ट बाकीच्या लक्षणांशी जुळली तर शस्त्रक्रिया योग्यच असते. म्हणून डॉक्टरांशी वाद घालण्यापेक्षा तीन साधे प्रश्न विचारावेत. आत्ता बाळाचे ठोके कसे आहेत? आणखी थांबलो तर धोका कोणता? दुसरा कोणता मार्ग आहे? खरी तातडी असेल तर याची उत्तरे अर्ध्या मिनिटात मिळतात, आणि मग क्षणभरही न थांबता होकार द्यावा.

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यायला हवी. पहिलटकरणीच्या कळा बारा-अठरा तासही चालतात. तालुक्याच्या गावी एकट्याने प्रसूतिगृह चालवणाऱ्या डॉक्टरकडे प्रशिक्षित परिचारिका कमी, भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येणारा आणि काही बिनसले तर बाहेर जमाव उभा. अशा वेळी थांबण्याची जोखीम एकट्या डॉक्टरवर येते. शिवाय कधी मुहूर्ताचा आग्रह धरणारे किंवा ‘तिला वेदना नकोत, सिझरच करा’ म्हणणारे कुटुंबही असते. वाढत्या आकड्याला पैशाचा लोभ हे एकच कारण देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही.

पहिले सिझेरियन पुढचेही बरेच ठरवते. पुढच्या खेपेला वार चुकीच्या जागी बसण्याचा किंवा जुन्या टाक्यात रुतण्याचा धोका वाढतो. एका सिझेरियननंतर योग्य निवड केलेल्या बायकांपैकी ६० ते ८० टक्के जणींचे पुढचे बाळंतपण नैसर्गिक होऊ शकते. मात्र जुना टाका उसवण्याची शक्यता दर दोनशे जणींत सुमारे एकीला असते, म्हणून हा प्रयत्न तातडीने शस्त्रक्रिया होऊ शकेल अशाच रुग्णालयात करायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाही, घरी तर मुळीच नाही.

तयारी म्हणजे काय?

नवव्या महिन्यात तूप प्यायले की बाळ अलगद निसटते, एरंडेल घेतले की कळा येतात, फरशी पुसली की नॉर्मल होते, असे सल्ले घरोघरी मिळतात. तुपाचा आणि प्रसूतिमार्गाचा काही संबंध नाही. एरंडेलाने जुलाब होतात आणि अंगातले पाणी जाते. ते घेऊच नये. चालणे, उकिडवे बसण्याचा सराव, श्वासाचे व्यायाम चांगले, पण कोणताही व्यायाम किंवा गर्भसंस्काराचा वर्ग नॉर्मल बाळंतपणाची हमी देऊ शकत नाही. हमी देणाऱ्यापासून सावध राहावे.

खरी तयारी रक्तापासून सुरू होते. देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. हिमोग्लोबिन ११ च्या वर असणारी बाई बाळंतपणातला रक्तस्राव अधिक सोसू शकते. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेतल्या तर अंगी कमी लागतात, एवढे साधे ज्ञानही उपयोगाचे. रक्तदाब, साखर आणि बाळाची हालचाल यांवर नजर हवी. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटका, बाळाची हालचाल कमी होणे, हिरवट पाणी जाणे यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करावा.

प्रसूतीच्या वेळी ज्याचा उपयोग नि:संशय दिसला आहे ती गोष्ट मात्र फुकट आहे: सोबत. सतत कोणी जवळ असण्याचा परिणाम तपासणाऱ्या २६ अभ्यासांचा, १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा, एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना अशी सोबत मिळाली, त्यांच्यात सिझेरियनचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एक स्त्री नातेवाईक ठेवण्यास मान्यता दिली. आई, सासू, जाऊ, बहीण, कोणीही चालेल. ती घाबरवणारी नसावी, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात आणखी बऱ्याच गोष्टी आहेत. धोका नसलेल्या बाईला कळांच्या काळात चालू-फिरू द्यावे, हलके खाऊ-पिऊ द्यावे, तिला सोयीच्या स्थितीत बाळंत होऊ द्यावे. सरसकट एनिमा नको, सरसकट टाक्यांचा छेद नको, पोटावर दाब देणे नको. गर्भाशयाचे तोंड दर तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे हा जुना हिशेबही या मार्गदर्शनाने बाजूला ठेवला. आई आणि बाळाची प्रकृती ठीक असेल तर तेवढ्या कारणावरून घाई करू नये.

‘नैसर्गिक’ याचा अर्थ घरी, असा मात्र कोणी घेऊ नये. परदेशातल्या घरच्या बाळंतपणांच्या चित्रफिती मोबाइलवर दिसतात. त्यामागे प्रशिक्षित सुईण आणि मिनिटांत पोहोचणारी रुग्णवाहिका असते, ती चित्रात दिसत नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव काही तासांत जीव घेतो. महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, ही मोठ्या कष्टाची कमाई आहे.

सही कोणाची?

शस्त्रक्रियेसाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती लागते. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्या प्रकरणात भूल दिलेल्या स्त्रीऐवजी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले होते. तातडी नसताना अशी संमती चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले. व्हरांड्यातली सही रीत म्हणून होते. हक्क मात्र आत असलेल्या बाईचा आहे.

पैशाचा प्रश्नही आधीच सुटायला हवा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात साधे बाळंतपण आणि सिझेरियन दोन्ही मोफत आहेत. औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आणीची गाडीही त्यात येते. अनेक घरे हे माहीत नसल्याने कर्ज काढतात.

अर्थात सगळा भार बाईवर टाकून चालणार नाही. २०१७ मध्ये मुंबईतून एक मागणी पुढे आली: प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडील सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे. तत्कालीन महिला व बालविकासमंत्री मेनका गांधी यांनी ती उचलून धरली. हा आकडा दर्शनी भागात लागला तर आठव्या महिन्यात दवाखाना निवडणाऱ्या कुटुंबाला निदान एक आधार मिळेल. २०१८ च्या अखेरीस केंद्राने परिचारिकांना दीड वर्षाचे खास प्रशिक्षण देऊन साध्या बाळंतपणाची जबाबदारी सोपवण्याचे धोरण आणले. कळांच्या बारा तासांत शेजारी थांबणारे माणूस डॉक्टरपेक्षा अशी परिचारिकाच असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती असली तर धोका नसलेल्या बाईला बारामतीपर्यंत धावावे लागणार नाही आणि धोका असलेली वेळेत ओळखली जाईल.

तोवर घरातल्या घरात एक गोष्ट करता येईल. डोहाळजेवणाला दोन्हीकडची माणसे जमलेली असतात. ओटी भरून झाली की फाईल उघडावी. बाळंतपण कुठे, रात्री गाडी कोणाची, रक्तगट कोणता आणि रक्त द्यायला कोण, आत सोबत कोण, जवळच्या केंद्रातून पुढे पाठवले तर कुठल्या रुग्णालयात, हे तिथेच ठरवावे. आणि ठरवताना जिचे बाळंतपण आहे, तिला आधी बोलू द्यावे.